सांगायची राहून गेलेली गल्ली

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमचे आदरणीय मुख्याधिकारी साहेब, प्रमुख पाहुण्या म्हणून वेळात वेळ काढून आलेल्या, आपल्या सरकारी दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर बाई, व्यासपीठावरचे सर्व विभागप्रमुख, माझे सहकारी, माझ्याआधी निवृत्त होऊन आज खास माझी फजिती बघायला आलेली मंडळी, समोर बसलेली माझी पत्नी, मुलगा आणि सूनबाई, आणि पालिकेच्या हद्दीतल्या, या सभागृहात जमलेल्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माईक जरा लांब करतो. एकतीस वर्षं ज्याचं कामच ओरडायचं होतं, त्याच्या तोंडाशी इतक्या जवळ माईक ठेवला तर पहिल्या रांगेची खैर नाही.

माझ्याआधी जे जे बोलले, त्यांनी माझ्या आवाजाचं फार कौतुक केलं. आमच्या घरातलं मत थोडं वेगळं आहे. सौभाग्यवती म्हणतात, 'यांचं बोलणं गावाला दोन मैलांवरून ऐकू येतं आणि घरात शेजारी बसलं तरी येत नाही.' ती आत्ताही मान हलवतेय, बघा. असो. पालिकेच्या सूचना विभागात मी कारकून म्हणून लागलो आणि आज कारकून म्हणूनच निघतोय. पाणी येणार नाही, रस्ता बंद राहील, लसीकरण आहे, कुत्र्यांना पट्टे बांधा, हे सगळं तुम्हाला माझ्या तोंडून ऐकावं लागलं. एवढ्या नकोशा बातम्या देऊनही तुम्ही आज इतक्या संख्येनं आलात, याचं मला खरंच नवल वाटतं.

सत्काराला उत्तर पाच मिनिटांत आटोपायचं असतं, हे मला ठाऊक आहे. मी आज पंधरा मागतो. साहेब, मागतोय म्हणण्यापेक्षा घेतोच म्हणा, कारण उद्या माझ्याकडे माईक नसेल.

आमच्या विभागप्रमुख बाईंनी मघाशी मानपत्र वाचलं. फार सुंदर लिहिलंय. त्यात एक वाक्य असं आहे: 'महामारीच्या कठीण काळात यांनी शहरातील एकही गल्ली न वगळता प्रत्येक सूचना प्रत्येक नागरिकापर्यंत पोहोचवली.' त्या वाक्याला तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मी खाली बघत बसलो. तुम्हाला वाटलं असेल, माणूस विनयशील आहे. तसं काही नव्हतं. ते वाक्य खोटं आहे. बाईंचा यात काडीचाही दोष नाही, त्यांनी ते कार्यालयाच्या फाइलवरून घेतलं. ती फाइल मी भरली होती.

आणि त्या खोट्यापायी एक बाई गेली चार वर्षं आपल्याच माणसासमोर खोटारडी ठरली आहे. त्या बाई इथं बसल्या आहेत. त्या खऱ्या होत्या, एवढं आज सर्वांदेखत सांगून मला जायचं आहे. बाकीचं भाषण नाही झालं तरी चालेल.

आता नीट क्रमानं सांगतो.

तुम्हाला आमची गाडी आठवत असेल. छोटी, टपावर दोन कर्णे, पुढं गाडी हाकणारे आमचे भाऊ आणि शेजारी मी. रोज निघताना एक तक्ता मिळायचा. त्यावर रस्त्यांची आणि गल्ल्यांची नावं. प्रत्येक नावासमोर सूचना देऊन झाली की बरोबरची खूण करायची आणि खाली सही ठोकायची. सगळ्या रस्त्यांवर गाडी जाते. एकाच गल्लीत जात नाही. जुन्या छापखान्यामागची ती चढाची गल्ली. सुरुवातीला अरुंद, पुढं पायऱ्या, बेचाळीस घरं. तिथं मी कोपऱ्यावर उतरायचो, हातात भोंगा घ्यायचो आणि पायऱ्या संपेपर्यंत चालत जायचो. भाऊ तोवर गाडीत डुलकी काढायचे. का हो भाऊ, काढायचात ना? हसतायत.

टाळेबंदीचा पहिला दिवस मला अजून आठवतो. 'घराबाहेर पडू नये, दुकाने बंद राहतील, पुढील सूचना मिळेपर्यंत.' बंद शटरांवर आपटून माझाच आवाज माझ्याकडे परत येत होता. भर दुपारी चौकात एक माणूस नाही. इतकी वर्षं मी ओरडलो तरी पाण्याचे नळ कोणी वेळेवर बंद केले नव्हते, आणि त्या दिवशी एका कागदावर अख्खं शहर आत गेलं. खरं सांगतो, मला माझ्याच आवाजाची भीती वाटली.

म्हणजे सगळेच आत गेले असं नाही. डॉक्टर बाई हसतायत, त्यांना माहीत आहे. एक गृहस्थ रोज सकाळी औषधाची एकच चिठ्ठी घेऊन बाहेर पडायचे. पोलिसानं अखेर ती वाचली, तर चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची आणि तीही त्यांच्या म्हशीच्या औषधाची. एक बाई रिकामी पिशवी घेऊन निघायच्या आणि रिकामीच घेऊन परत यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, 'पिशवीला जरा हवा लागू दे म्हटलं.' या गोष्टी आपण अजून रंगवून सांगतो. नियम मोडणाऱ्यांच्या गोष्टी सांगायला मजा येते. पण ज्यांनी मुकाट्यानं नियम पाळला, ती माणसं कोणाला आठवतात? ज्यांनी लग्नं पुढं ढकलली, ज्यांना आपल्या माणसाचं तोंड शेवटचं बघता आलं नाही, ज्यांनी मोबाइलवर टाहो फोडला आणि दार मात्र उघडलं नाही, त्यांची गोष्ट आपण कधी सांगतो का? आम्ही कार्यालयात बसून म्हणायचो, 'लोक ऐकतच नाहीत.' ऐकणारे हजारो होते. ते गडबड करत नव्हते म्हणून आमच्या डोळ्यांवर येत नव्हते.

त्या छापखान्यामागच्या गल्लीत अशा एक बाई राहतात. दुसऱ्या मजल्यावर, एकट्या. आयुष्यभर शिवणकाम केलं, त्यामुळे सगळे त्यांना शिवणवाल्या मावशी म्हणतात. मीही मावशीच म्हणतो. त्यांचं मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीतून गल्ली सोडून दुसरं काही दिसत नाही. त्या दिवसांत उरल्यासुरल्या कापडाचे त्यांनी अख्ख्या गल्लीला मास्क शिवून दिले. दोरीला पिशवी बांधून खाली सोडायच्या. किराणाही त्याच पिशवीतून वर जायचा.

त्यांच्या खालच्या मजल्यावर छापखान्यात छपाईचे खिळे जुळवणारे एक निवृत्त गृहस्थ होते. गल्लीत त्यांचं नाव 'वायरलेस'. का, ते सांगायला नकोच. दर आठवड्याला त्यांच्याकडे आतल्या गोटातली बातमी असायची, 'उद्यापासून उघडतंय, माझ्याकडे पक्की खबर आहे.' एकदा मावशींनी त्यावर विश्वास ठेवला. पिशवी घेऊन खाली उतरल्या, जिन्यात घड्याळं दुरुस्त करणारे शेजारी भेटले, चार शब्द बोलल्या आणि कोपऱ्यावरून पोलिसानं त्यांना परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात ते घड्याळवाले तापानं आजारी पडले आणि दवाखान्यातून परत आलेच नाहीत. मावशींना काही झालं नाही. पण आपण बाहेर पडलो, बोललो, आता आपल्याला झालं का, आपल्यामुळे कोणाला झालं का, या धास्तीत त्यांनी चौदा दिवस मोजून काढले. त्यानंतर त्या उंबऱ्याच्या बाहेर आल्या नाहीत.

मग एक दिवस मी गल्लीत सूचना देत होतो आणि मावशींनी वरून हाक मारली, 'अरे भोंगेवाल्या! रोज कोणी ना कोणी काही ना काही सांगतंय. आम्ही ऐकायचं तरी कोणाचं?'

माझ्या हातातल्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. मी भोंगा वर धरला आणि मनानंच म्हटलं, 'मावशी, माझं ऐकायचं! उघडेल त्या दिवशी मी स्वतः इथं येऊन सांगेन. मी सांगेपर्यंत दुसऱ्या कोणाचंही ऐकायचं नाही!'

बेचाळीस घरांच्या खिडक्यांतून टाळ्या पडल्या. मला, काय सांगू तुम्हाला, फार बरं वाटलं. कारकुनाला टाळ्या कुठं मिळतात? पुढचे दोन दिवस मी घरी हेच सांगत होतो.

नंतर शहर उघडायला लागलं. सगळं एकदम नाही, भागाभागानं. हे लक्षात ठेवा, याला महत्त्व आहे. नदीपलीकडचा भाग आधी उघडला, आपला आठवड्यानं. आपल्याकडचा दिवस सोमवार होता. सकाळपासून आम्ही फिरत होतो. लोक गाडी थांबवत होते, हात हलवत होते, कोणी रडत होतं. संध्याकाळी छापखान्याच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा घशातून आवाज निघत नव्हता. तिथं लोकांनी आम्हाला घेरलं, चहा दिला, कोणी तरी फोटो काढला. भोंग्याची बॅटरी संपली होती. गल्लीच्या तोंडाशी वायरलेस उभे होते. म्हणाले, 'तुम्ही दमलात साहेब, कशाला चढताय? मी सांगतो ना सगळ्यांना!'

आणि मी त्यांना 'बरं' म्हटलं.

चारशे पावलं होती. भोंगा नसता तरी चाललं असतं, दारादारात तोंडानं सांगता आलं असतं. पण मला वाटलं, आता कोणाला माहीत नाही? अख्खं शहर रस्त्यावर आलंय. मी गाडीत बसलो, तक्त्यावर त्या गल्लीसमोर बरोबरची खूण केली आणि सही केली. ज्या माणसाचं ऐकू नका असं मीच ओरडून सांगितलं होतं, त्याच्यावरच मी निरोप सोपवला. वायरलेसनी तो निरोप इमानेइतबारे दिला हो! दारोदार फिरले. बाकीची घरं बाहेर पडली. मावशींनी वरून सांगितलं, 'तुम्ही पहिल्या महिन्यातही हेच म्हणाला होतात.'

सोळा दिवसांनी जलवाहिनीच्या दुरुस्तीची सूचना आली म्हणून मी त्या गल्लीत चढलो. पायऱ्यांवर माणसं गप्पा मारत बसलेली. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. मावशी. तोंडावर मास्क. मला म्हणाल्या, 'काय रे, आता तरी उघडलं का?'

मला क्षणात सगळं समजलं. आजूबाजूला पंचवीस-तीस माणसं ऐकत होती. 'चुकलो मावशी, सोळा दिवसांपूर्वीच उघडलं,' असं म्हणायला किती वेळ लागतो? ते म्हणायची माझी छाती झाली नाही. मी भोंग्यातून म्हणालो, 'हो मावशी! आजपासून!'

मावशींनी खाली वाकून वायरलेसना ऐकवलं, 'ऐकलंत का? आजपासून!' वायरलेस आपल्या पायरीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं, पण म्हातारीची समजूत काढतोय असं वाटून हसले आणि गप्प बसले. वायरलेस हसले नाहीत. जन्मभर ज्यांच्या पोटात काही राहिलं नाही, त्यांनी ही एक गोष्ट मात्र पोटात ठेवली. गेल्या वर्षी ते गेले. मला कधी टोचून बोलले नाहीत, आणि मी कधी त्यांच्याकडे विषय काढला नाही.

मला वाटलं, झालं काय एवढं? एक म्हातारी बाई सोळा दिवस जास्त घरात बसली. बरंच झालं, सुरक्षित राहिली. माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो, बघा.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या टेबलावर एक अर्ज आला. सुवाच्य अक्षर, खाली मावशींची सही. 'अर्जदाराच्या गल्लीतील टाळेबंदी कोणत्या तारखेस उठली, याचा दाखला मिळावा.' कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'भाचीला दाखवण्यासाठी.' वर शेरा होता, नोंदी पाहून दाखला द्यावा. मी फाइल काढली. तक्ता सापडला. सोमवार, ती गल्ली, समोर बरोबरची खूण, खाली माझी सही. म्हणजे नोंदीप्रमाणे दाखला दिला तर पालिकेच्या शिक्क्यानिशी मावशी खोट्या ठरणार. आणि मावशींची तारीख लिहिली तर मी कागदावर आणखी एक खोटं करणार. मी काय केलं असेल? कारकून काय करतो? अर्ज खणात टाकला.

तीन आठवड्यांनी मावशी स्वतः आल्या. बाकावर बसल्या, दम खाल्ला. 'झाला का रे दाखला?' आणि मग मी न विचारता त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांची थोरली बहीण नदीपलीकडे, आपल्या मुलीकडे राहायची. फुप्फुसं आधीच कमजोर, त्या काळात अंथरूण धरलं. त्यांचा भाग उघडल्यावर भाचीनं फोन केला, 'मावशी, ये, आई तुझी वाट बघतेय.' मावशी म्हणाल्या, 'आमच्याकडे अजून बंद आहे गं.' सोमवारनंतर भाचीचा परत फोन. 'मावशी, आता तुझ्याकडेही उघडलं म्हणतात.' मावशी म्हणाल्या, 'म्हणतात ना? इथं रोज कोणी ना कोणी म्हणतंच. भोंगेवाला सांगायला आलेला नाही अजून. मी अशी आले आणि माझ्यामुळे ताईला काही झालं तर? तुझी लहान पोरं आहेत घरात.' रोज फोन. रोज तेच उत्तर. अकराव्या दिवशी ताई गेल्या. मावशी त्या दिवशीही गेल्या नाहीत. घड्याळवाले ज्यात भेटले होते तो जिना त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

पुढं पाच दिवसांनी मी जाऊन 'आजपासून' म्हणालो, आणि मावशींना तेवढाच आधार वाटला. नियम होता, आपण काय करणार? त्यांनी भाचीला तसं सांगितलं. भाचीनं चार लोकांकडे चौकशी केली. सगळे म्हणाले, छे, सोमवारीच उघडलं. मग ती मावशींना म्हणाली, 'भीती वाटत होती तर भीती वाटत होती म्हण. आईचं झालं ते झालं, पण वर खोटं कशाला बोलतेस?' तेव्हापासून फोन बंद. येणंजाणं बंद. ज्या मुलीची झबली मावशींनी शिवली, ती मुलगी चार वर्षं त्यांच्याशी बोललेली नाही.

मावशी मला म्हणाल्या, 'घाबरट म्हणाली असती तर चाललं असतं रे. खोटारडी म्हणाली. तू तर स्वतः सांगितलं होतंस. एक कागद दे मला.'

मी त्यांना म्हणालो, 'फाइल सापडत नाहीये, मावशी.'

हो. तेव्हाही नाही सांगितलं. त्या बाकावरून उठून हळूहळू जिना उतरत गेल्या आणि मी खणाला कुलूप लावलं. तुम्ही माझ्या आवाजाचं कौतुक करत होतात.

घरी गेलो, जेवण जाईना. सौभाग्यवतींनी दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी ताट ओढून घेतलं, 'काय केलंयत ते आधी बोला.' बोललो. वाटलं, नवऱ्याची बाजू घेईल. ती म्हणाली, 'एकतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलंत. आता एकदा स्वतःचं वाचा.'

तरी पाय उचलायला मला गेला रविवार उजाडावा लागला. भोंग्याशिवाय त्या पायऱ्या चढलो. मावशींच्या खोलीत इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. मशीनवर कसलंसं अस्तर लावलेलं होतं. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, 'दाखला घेऊन आलास?' मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

त्यांनी टीप पुरी केली. दोरा तोडला. मग म्हणाल्या, 'म्हणजे सोमवारी उघडलं होतं.'

'हो.'

'ताई अकराव्या दिवशी गेली.' त्यांनी बोटांवर मोजलं. 'अकरा दिवस होते मला. बसनं वीस मिनिटं लागतात रे.'

आणि मग त्या रडल्या. मी इतक्या जवळून इतकं मोठं माणूस रडताना पाहिलेलं नाही. मीही रडलो, पण माझ्या रडण्याला तिथं काय किंमत? बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, 'जा आता तू.' मी दारापाशी पोचलो तेव्हा मागून म्हणाल्या, 'दाखला नको मला. तोंडानं सांगितलं होतंस, तोंडानंच सांग. तुझं ते आजपासून अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं होतं ना? हेही तितकंच मोठ्यानं सांग. आणि ती असताना सांग.'

तेवढ्यासाठी मी भाचीबाईंच्या दुकानात गेलो. नदीपलीकडे चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. आजची पत्रिका दिली. म्हणालो, 'तुमच्या मावशींबद्दल आहे.' त्या चष्म्याची काच पुसत होत्या. म्हणाल्या, 'मला जमणार नाही.' पत्रिका घेतली मात्र.

मघापासून माझं लक्ष तिकडेच आहे. सभागृहाच्या मागच्या दाराशी, खांद्याला पिशवी, खुर्च्या रिकाम्या असूनही उभ्या आहेत त्या. कोणी मागं वळून बघू नका, कृपा करा. त्यांना संकोच होईल.

बाई, मी तुमच्याशी बोलतो. तुमच्या मावशींच्या गल्लीत टाळेबंदी उठली सोमवारी. ते त्यांना सांगायचं काम माझं होतं. मी सांगेपर्यंत कोणाचंही ऐकू नका, हे मीच त्यांना बजावलं होतं, आणि मी सांगायला गेलो नाही. चहा पीत उभा राहिलो. गेलो सोळा दिवसांनी, आणि 'आजपासून' म्हणून त्यांना धडधडीत खोटं सांगितलं. त्यांनी तुम्हाला जे सांगितलं, ते शब्दन् शब्द त्यांच्या लेखी खरं होतं. तुमच्या मावशी खोटं बोलल्या नाहीत. खोटं मी बोललो. त्या तुमच्या आईकडे आल्या नाहीत त्या तुमच्या आईच्याच काळजीनं. त्यांचे ते अकरा दिवस मी घालवले, आणि ते मला कुठून आणून देता येणार नाहीत.

साहेब, हा माझा लेखी खुलासा. त्या दिवशीच्या तक्त्याला जोडावा. मानपत्रातलं ते वाक्य काढून टाकावं, आणि काढलंय असं आजच्या इतिवृत्तात लिहावं. माझ्यावर कारवाई करायची असेल तर संध्याकाळी सहापर्यंत मी आपल्या सेवेत आहे, घाई करावी लागेल. माझ्या जागी जी नवी मुलगी येतेय, ती तिथं बसली आहे, तिला एवढंच सांगतो: बाळ, न ऐकणाऱ्यांची काळजी पोलीस करतील. तू ऐकणाऱ्यांची कर. ती माणसं तुझ्या शब्दावर बसून राहतात.

आता आभार. इतकी वर्षं मला सांभाळून घेतल्याबद्दल माझ्या सर्व वरिष्ठांचे आणि सहकाऱ्यांचे आभार. भाऊ, तुमचे आभार. त्या सोमवारी तुम्ही म्हणाला होतात, 'चला, मी येतो बरोबर, वर जाऊन येऊ,' ते मी विसरलेलो नाही. पत्नीचे आभार जाहीरपणे मानले तर ती घरी रागावते, म्हणून तेवढे राखून ठेवतो. माझ्या बोलण्यात कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मान द्यायला मी कुठं कमी पडलो असेन, वेळ तर जास्त घेतलाच आहे, या सगळ्याबद्दल सभागृहानं उदार मनानं मला माफ करावं. मात्र मघाशी जे सांगितलं, त्याची माफी मी या सभागृहाकडे मागत नाही. ती देणं तुमच्या हातात नाही. मावशींकडे मी अजून मागितलेली नाही, धीर होत नाही.

नाही, टाळ्या नकोत. खरंच नकोत. थांबा.

अध्यक्ष महोदय, माझं बोलणं संपलंय. फक्त मधल्या वाटेत ज्यांनी खुर्च्या टाकल्यात, त्यांनी जरा त्या बाजूला घ्याव्यात. मावशी, तुम्ही बसूनच राहा, उठू नका. दाराशी उभ्या आहेत, त्यांना पुढं यायचं आहे.